आजोबांची जावा गॅरेजला देण्याआधी

“आमच्या आजोबांची जावा २५० गेली कित्येक वर्षं गावाकडच्या वैरणीच्या खोलीत उभी आहे. आजोबा पशुधन पर्यवेक्षक होते, याच गाडीवर त्यांनी आसपासची गावं पालथी घातली. घरात आम्ही लहानपणापासून ऐकत आलो की १९६६ साली त्यांनी म्हैसूरच्या कारखान्यातून नवी कोरी गाडी घेतली आणि तिथून चालवत घरी आणली. मागच्या महिन्यात त्यांच्या ट्रंकेत आरसी बुक सापडलं. त्यात गाडीची पहिली नोंदणी १९६४ ची, पुण्याची आणि कुणा परक्या माणसाच्या नावाची आहे. आजोबांचं नाव १९६७ मध्ये लागलंय. काकांनी शहरातला एक गॅरेजवाला ठरवलाय. तो म्हणतो, महिन्याभरात शोरूममधून काढल्यासारखी करून देतो. मागचा वेल्डिंग केलेला लोखंडी स्टँड कापून टाकू, नवं क्रोम करू, मरून रंग देऊ, गरज पडली तर दुसरं इंजिन बसवू. आत्ता तिच्यावर ब्रशने मारलेला काळा रंग आहे. मला आधी तिचा इतिहास शोधायचाय. बाबा म्हणतात, गेलेल्या माणसाची गोष्ट खोटी पाडून काय मिळणार? मी काय करू?”
— एक नात, सोलापूर जिल्हा

ताई,

गाडी इतक्यात खोलीबाहेर काढू नका. काकांना नकार द्यायची गरज नाही. थोडं थांबू या, एवढंच सांगा. तुमच्या पत्रातल्या सगळ्या प्रश्नांपैकी घाईचा प्रश्न हा एकच आहे. बाकी सगळं नंतर बदलता येतं, दुरुस्त करता येतं, पुन्हा विचारता येतं. पण एकदा पॉलिशचं चाक फिरलं, रंग खरवडला गेला आणि जुने नटबोल्ट भंगाराच्या डब्यात पडले की त्या गाडीने साठ वर्षांत जे साठवलंय ते कुठूनही परत आणता येत नाही. इतिहास आधी आणि दुरुस्ती नंतर, हा क्रम मी हौस म्हणून सांगत नाही. गाडीवरचा मळ, तिचे रंगाचे थर, तिच्यावरची जोडाजोड हाच तुमचा पुरावा आहे, आणि गॅरेजचं पहिलं काम तो पुसण्याचं असतं.

बाबांच्या प्रश्नाकडे मी येणार आहे. त्याआधी ट्रंकेतलं ते आरसी बुक पुन्हा हातात घ्या.

जुनं आरसी बुक म्हणजे केवळ मालकाचं नाव सांगणारा कागद नव्हे. पहिल्या पानावर उत्पादनाचं वर्ष आणि नोंदणीची तारीख अशा दोन वेगळ्या गोष्टी असतात. त्या एकच आहेत असं धरू नका, कारखान्यातून निघालेली गाडी विक्रेत्याकडे काही महिने पडून असू शकते. इंजिन नंबर आणि चेसिस नंबर टिपून घ्या. मग मागची पानं बघा. हस्तांतराच्या नोंदी, पत्ता बदलल्याच्या नोंदी, करभरणीचे शिक्के, रंग बदलल्याची नोंद, आणि कर्ज असेल तर त्याचा बोजा. प्रत्येक शिक्क्यावर कार्यालयाचं नाव असतं. तारखा आणि कार्यालयं एका कागदावर ओळीने लिहून काढली की गाडी कोणत्या वर्षी कोणत्या गावी होती याचा सांगाडा उभा राहतो. तीन इंग्रजी अक्षरांचा जुना नंबर त्या काळी राज्यातल्या राज्यात बदलावा लागत नसे, त्यामुळे पुण्यात मिळालेला नंबर सोलापुरात येऊनही तोच राहिला असणार. ‘एमएच’ने सुरू होणारे नंबर देशभरच्या नव्या पद्धतीबरोबर १ जुलै १९८९ पासून आले. तुमच्या घरातल्या जुन्या फोटोंमधली नंबरपाटी या आरसी बुकाशी ताडून पाहायला हे उपयोगी पडेल.

पुण्याच्या परिवहन कार्यालयात अर्ज करून या वाहनाचा तपशील मागा. इतक्या जुन्या नोंदवह्या उरलेल्या असतीलच असं नाही, पण विचारल्याशिवाय कळत नाही. साध्या अर्जाने काम झालं नाही तर माहितीच्या अधिकारातला अर्ज आहेच. तिसऱ्या व्यक्तीची खाजगी माहिती मागितलीत तर अर्ज अडेल, म्हणून स्वतःच्या ताब्यातल्या वाहनाचा नोंदणी-इतिहास एवढंच मागा.

आणखी एक जागा आहे, जी लोकांच्या लक्षात येत नाही. आजोबा पशुधन पर्यवेक्षक, म्हणजे बहुधा जिल्हा परिषदेचे कर्मचारी. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा १ मे १९६२ रोजी स्थापन झाल्या, तेव्हा १९६७ मध्ये ते त्याच व्यवस्थेत असणार. सरकारी आणि निमसरकारी नोकरांना वाहन घेण्यासाठी अग्रिम मिळायचं आणि ते पगारातून हप्त्याने कापलं जायचं. आजीकडे किंवा बाबांकडे आजोबांचं सेवापुस्तक, पगाराच्या पावत्या, निवृत्तिवेतनाची फाइल असं काही असेल तर त्यात मोटारसायकल अग्रिमाची नोंद शोधा. सापडली तर रक्कम मिळेल, तारीख मिळेल. आणि साहेबांना केलेल्या अर्जाची नक्कल असेल तर गाडी का हवी, हे आजोबांच्या स्वतःच्या शब्दांत मिळेल. आरसी बुकात बोज्याचा शिक्का दिसतो का, हे म्हणूनही बघा.

आता म्हैसूरची गोष्ट. जावा ही मुळात झेक कंपनी. फ्रान्तिशेक यानेचेक यांनी १९२९ मध्ये वाँडरर या जर्मन कंपनीच्या मोटारसायकलचे हक्क घेतले आणि यानेचेक-वाँडररची पहिली अक्षरं जोडून नाव केलं. भारतात आधी या गाड्या मुंबईच्या इराणी मंडळींकडून आयात होत. मग १९६० मध्ये रुस्तम आणि फारुख इराणी यांनी म्हैसूरला आयडियल जावा ही कंपनी काढली. यादवगिरीतला तो कारखाना. सुरुवातीला झेकोस्लोव्हाकियातून आलेले सुटे भाग इथे जुळवले जात, पुढे हळूहळू भाग इथेच बनू लागले. १९७३ पासून गाडीचं नाव येझदी झालं आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. म्हणजे तुमची गाडी म्हैसूरचीच आहे, यात काही खोटं नाही. १९६४ ची असल्यामुळे ती त्या कारखान्याच्या पहिल्या काही वर्षांतली आहे, हे मला त्या गोष्टीइतकंच मोलाचं वाटतं.

मग आजोबांनी ती म्हैसूरहून चालवत आणली की नाही? आरसी बुक सांगतं की पहिले मालक ते नव्हते. त्याहून जास्त ते काही सांगत नाही. आजोबा नंतर कधी या गाडीवर म्हैसूरला गेले असतील, कारखाना बघून आले असतील, तिथून एखादा भाग आणला असेल. पुण्याहून सोलापूरपर्यंत मात्र ते ती नक्कीच चालवत आले असतील, आणि मुलांच्या तोंडी तो प्रवास लांबत गेला असेल. किंवा गोष्ट दुसऱ्याच कुणाची असेल आणि आजोबांना चिकटली असेल. यातलं काहीही आत्ता ठरवू नका. वहीत डाव्या पानावर घरात सांगितलं जातं ते लिहा, उजव्या पानावर कागद आणि गाडी काय सांगते ते लिहा. दोन्ही पानं राहू द्या. मला विचाराल तर १९६७ साली एका पर्यवेक्षकाने तीन वर्षं वापरलेली गाडी पैसे जमवून घेतली आणि पुढची सगळी नोकरी तिच्यावर केली, ही गोष्ट म्हैसूरच्या गोष्टीपेक्षा काडीनेही उणी नाही. बाबांना हे असंच सांगा. त्यांना भीती आहे ती आपल्या वडिलांची उंची कमी होण्याची, आणि ती रास्त आहे. त्यांना चौकशीच्या बाहेर ठेवलंत तर ती वाढेल, म्हणून पहिली मुलाखत त्यांचीच घ्या.

मुलाखतीत “गाडीची गोष्ट सांगा” असं म्हणू नका, कारण तसं विचारलं की घोटून गुळगुळीत झालेली गोष्टच बाहेर येते. छोटे, टोकदार प्रश्न विचारा. पेट्रोल कुठे भरायचे? पेट्रोलमध्ये ऑइल कोण मिसळायचं, आणि कशाने मोजायचं? पावसाळ्यात ओढ्याला पाणी असलं तर गाडी कुठे ठेवायचे? मागे बसून तुम्ही पहिल्यांदा कुठे गेलात? काळा रंग कोणी मारला, तेव्हा तुम्ही कितवीत होता? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुधा वर्षासकट मिळेल. माणसं तारखा विसरतात पण आपली इयत्ता विसरत नाहीत. बोलणं फोनवर रेकॉर्ड करा आणि त्याच आठवड्यात लिहून काढा.

कागद झाले, माणसं झाली. आता खोलीत जा. हा भाग मला सगळ्यात जवळचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

धूळ न झटकता आधी फोटो काढा. दोन्ही बाजू, पुढून, मागून, वरून, मग जवळून प्रत्येक जोड, प्रत्येक वायर, प्रत्येक केबल कुठून कशी गेली आहे ते. पुढे गाडी जोडताना हेच फोटो फिटरला वाचवतील. गाडीखाली पडलेल्या वस्तू वेचून पिशवीत ठेवा. टूलबॉक्स उघडा, त्यात काय आहे त्याचा आहे त्या स्थितीत फोटो घ्या आणि मगच एकेक वस्तू बाहेर काढा. अशा टूलबॉक्समधून पावत्या, औषधाच्या बाटलीचं बूच, घरी बनवलेला पाना असं काहीही निघू शकतं, आणि तुमच्या आजोबांचा पेशा पाहता मला त्या डब्याची फार उत्सुकता आहे.

नंबर बघायला घ्याल तेव्हा केरोसीनमध्ये बुडवलेला मऊ ब्रश वापरा. वायरब्रश, ग्राइंडर, पॉलिश पेपर यातलं काही त्या जागेजवळ नेऊ नका. नंबर उघडा झाला की त्यावर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी घासा. आरटीओत लागणारा पेन्सिल प्रिंट तो हाच. इंजिनचा एक, चेसिसचा एक, आणि दोन्ही आरसी बुकातल्या आकड्यांशी अक्षर न अक्षर ताडून बघा. अक्षरं वाकडीतिकडी, खोल-उथळ किंवा आजूबाजूचा धातू घासलेला दिसला तर नंबर पुन्हा ठोकला गेला असण्याची शक्यता असते. इंजिनचा नंबर जुळला नाही तर घाबरू नका, जावांची इंजिनं आयुष्यात बदलली गेलेली आहेत. पण ते दुरुस्तीच्या खर्चात पडण्याआधी कळायला हवं. आणि जुळला, तर गॅरेजवाल्याच्या ‘दुसरं इंजिन बसवू’ या वाक्याला तिथेच पूर्णविराम द्या. नंबर जुळणारं इंजिन कितीही जाम झालेलं असलं तरी ते उघडून दुरुस्त करायचं असतं, बदलायचं नसतं.

मग भाग बघा. येझदीचे बरेच भाग जावाला बसतात, त्यामुळे साठ वर्षांची कोणतीही जावा थोडीफार मिसळलेली असते. कुठे येझदीचं नाव दिसलं तर तो भाग १९७३ किंवा त्यानंतरचा, म्हणजे तेव्हाही गाडी चालू होती आणि कुणीतरी तिच्यावर पैसे खर्च करत होतं. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असले तर पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे, ही पद्धत २००० सालापासूनची. त्यावरून गाडी शेवटची साधारण कधी रस्त्यावर होती हे समजतं. जावाची किक आणि गिअरचा दांडा एकच असतो, तो आत दाबून फिरवला की किक, पुढे आणला की गिअर. त्याच्या टोकाची झीज बघा. फूटरेस्टचं कोणतं रबर जास्त झिजलंय, सीट कुठे दबलीय, हेही टिपा. स्पीडोमीटरच्या आकड्यावर मात्र फार भरवसा ठेवू नका. ते तुटतात, बदलले जातात, आणि केबल तुटली की वर्षानुवर्षं तिथेच थांबतात.

रंगाची तपासणी करायला सीटखाली किंवा टाकीच्या बुडाशी न दिसणारी जागा निवडा. ८०० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून नाण्याएवढ्या गोलात हलक्या हाताने घासत जा. झाडाच्या खोडावर दिसतात तशी वर्तुळं उमटतील, सगळ्यात बाहेर काळा, मग त्याखालचा, मग त्याखालचा, शेवटी प्रायमर आणि पत्रा. दोन थरांमध्ये मळाची किंवा गंजाची रेघ दिसली तर मधे बराच काळ गेला आहे. टाकीच्या बाजूचे गुडघ्याला टेकणारे रबरी पॅड आणि नावाची पट्टी काढता आली तर त्यांच्याखाली मूळ रंग जपलेला सापडू शकतो. मरून हा जावाचा ओळखीचा रंग, म्हणून गॅरेजवाला डोळे मिटून मरून म्हणतोय. तुमच्या गाडीचा मूळ रंग कोणता, हे तुमच्याच गाडीला विचारायला हवं. जुन्या कृष्णधवल फोटोवरून तो ठरवता येणार नाही, कारण गडद मरून आणि काळा त्यात जवळजवळ सारखेच दिसतात.

आणि तो मागचा स्टँड. काका त्याला जोडाजोड म्हणत असतील, गॅरेजवाला कापायला निघाला आहे. तुम्ही लिहिलं नाहीत, पण माझा अंदाज आहे की आजोबा त्यावर लसींची पेटी किंवा औषधांचा डबा बांधत असावेत. त्याची मापं घ्या. वेल्डिंग कसं आहे ते बघा, गावातल्या लोहाराच्या किंवा फॅब्रिकेशनवाल्याच्या हातचं असेल तर त्या दुकानाची आठवण बाबांना असू शकेल. पट्टीवर दोरीच्या किंवा कड्याच्या घासण्याने पडलेल्या खुणा शोधा. अशा हजारो जावा आहेत ज्या मूळ मरून रंगात आणि झगझगीत क्रोममध्ये उभ्या आहेत. पशुधन पर्यवेक्षकाच्या डब्याचा स्टँड असलेली एखादीच असेल. तो कापला तर गाडी १९६४ ची होईल आणि तुमच्या आजोबांची राहणार नाही. माझं स्पष्ट मत आहे की तो स्टँड राहावा. वेल्डिंगने चेसिसला तडा गेला असेल किंवा जोड कच्चा झाला असेल तरच तो हलवावा, आणि तेव्हाही तो जपून सुटा करून ठेवावा.

इथे काकांचा एक मुद्दा येईल. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून विंटेज वाहनांची वेगळी नोंदणी सुरू केली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली, म्हणजे चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार न झालेली दुचाकी किंवा चारचाकी यात येते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, फेरनोंदणीला ५,००० रुपये. नव्याने नंबर मिळाला तर त्यात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. स्टँडमुळे त्यात अडचण येईल का, असं काका विचारतील. कदाचित येईल, तपासणाऱ्यांवर अवलंबून आहे. पण त्याआधी विचारा की ही नोंदणी तुम्हाला हवीच आहे का. अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं आणि देखभाल, एवढ्यासाठीच ती बाहेर निघते. ज्या गावांना आजोबा जात होते तिथे एखाद्या सकाळी सहज जाऊन यावं असं तुम्हाला वाटत असेल, तर साध्या नोंदणीचं नूतनीकरण हाच रस्ता बरा.

त्यासाठी आधी गाडी नावावर व्हायला हवी. मालकाच्या निधनानंतर वारसाच्या नावावर करण्यासाठी नमुना ३१ भरावा लागतो. सोबत मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची संमती. मुदत केव्हाच उलटून गेली आहे, त्यामुळे दंड आणि हेलपाटे धरून चाला. गाडीची नोंद संगणकावर आलेली नसेल तर जुनी नोंद चढवून घ्यावी लागेल, त्याला कार्यालयात बॅकलॉग एंट्री म्हणतात. मग नूतनीकरण, तपासणी, थकलेला पर्यावरण कर. हे सगळं कंटाळवाणं आहे, पण गॅरेजला पहिला रुपया देण्याआधी निदान वारसांची संमती तरी कागदावर घ्या. गाडी चकचकीत झाल्यावर घरात हक्क सांगणारे वाढतात.

दुरुस्तीबद्दल थोडं. कुणालाही, अगदी उत्साहाच्या भरातही, किक मारू देऊ नका. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या असतात आणि क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीत, ओल साचून बेअरिंग गंजलेली असतात. प्लग काढा, थोडं डिझेल आणि ऑइल एकत्र करून आत सोडा, काही दिवस तसंच राहू द्या. मग प्लग काढलेलाच ठेवून गाडी गिअरमध्ये घ्या आणि मागचं चाक हाताने हळूहळू पुढेमागे करा. सुटलं तर उत्तम. सुटलं नाही तर हातोडी न घेता इंजिन उतरवा.

इंजिन सुटलं आणि चालूही झालं तरी ते उघडायला हवंच. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येतं, त्यामुळे त्या पेटीत फिरणाऱ्या क्रँकच्या, म्हणजे पिस्टनच्या धावेने फिरणाऱ्या दांड्याच्या, दोन्ही टोकांचे ऑइल सील हवाबंद असावे लागतात. जुने सील कडक होऊन चिरतात. मग बाहेरची हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापतो आणि चालत्या गाडीत जाम होतो. क्लचकडचा सील गेला तर गिअरचं ऑइल आत ओढलं जाऊन धूर सुटत राहतो. सील आणि क्रँकची बेअरिंग नवी टाका, कनेक्टिंग रॉड हाताने हलवून मोठ्या टोकाचा खेळ बघा. तो रॉड बदलायचा झाला तर क्रँक प्रेसवर उघडून पुन्हा जोडावा लागतो आणि डायल गेजवर, म्हणजे बारीकसा वाकही दाखवणाऱ्या मापकावर, सरळ करावा लागतो. हे काम ज्याच्याकडे डायल गेज आहे अशाच लेथवाल्याकडे द्या. नजरेने सरळ केलेला क्रँक बेअरिंग खातो.

सिलिंडरचा मूळ बोअर, म्हणजे आतला व्यास, ६५ मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ७५. पिस्टन बाहेर आला की त्याचा माथा कार्बन काढून वाचा, ओव्हरसाइज, म्हणजे मूळ मापाहून मोठा, असेल तर तिथे सहसा आकडा ठोकलेला असतो. त्यावरून सिलिंडर कितपत बोअर केला गेला हे कळतं, म्हणजे या इंजिनाने किती काम केलंय तेही कळतं. तो पिस्टन भंगारात जाऊ देऊ नका. पुसून, कागदाची चिठ्ठी लावून आरसी बुकाशेजारी ठेवा.

टाकीचं बाहेरून काही करण्याआधी आतून बघा. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते पाणी धरून ठेवतं आणि जुनं रबर, कॉर्क खराब करतं. म्हणून आतला गंज काढून टाकी कोरडी करा, पेट्रोल कॉकची सीलं आणि नळी इथेनॉल सोसणारी घ्या, आणि गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी ठेवा. वायरिंग, टायर, ट्यूब, ब्रेकचे लायनर आणि केबल सगळं नवं. यात भावना आणू नका, इथे जुनं जपण्याचा अर्थ जीव धोक्यात घालणं असा होतो.

क्रोम आणि रंग हे मी शेवटी ठेवलं आहे आणि तुम्हीही शेवटीच ठेवा. क्रोम करताना आधी जुना थर उतरवतात आणि पत्रा घासून गुळगुळीत करतात. जुन्या टाकीचा पत्रा त्यात आणखी पातळ होतो, कडा बोथट होतात. तुमच्या टाकीवरचं क्रोम डागाळलेलं पण धरून असेल तर ते साबणाने धुऊन, पुसून, मेणाचा हात देऊन तसंच राहू द्या. ब्रशच्या काळ्या रंगाखाली कारखान्याचा रंग शाबूत आहे असं त्या नाण्याएवढ्या गोलात दिसलं, तर वरचा थर सावकाश काढून खालचा वाचवता येतो का ते एखाद्या लहान भागावर करून पाहा. हे काम महिन्याभरात होत नाही आणि प्रत्येक गॅरेजवाला त्याला हात घालणार नाही. काळा रंग आजोबांनी स्वतः मारलेला आहे असं बाबांच्या बोलण्यातून निघालं, तर तो काढूच नये असंही तुम्हाला वाटू शकेल, आणि मी त्याच्या बाजूने असेन.

काकांनी पाहिलेला गॅरेजवाला वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. तो सगळ्यांना हवं असतं तेच देऊ करतोय. त्याच्याशी बोलताना कागदावर लिहून घ्या की काढलेला प्रत्येक जुना भाग परत मिळेल, नंबर असलेल्या जागेवर सँडब्लास्टिंग किंवा पावडर कोटिंग होणार नाही, इंजिन हेच राहील, स्टँडला हात लागणार नाही, आणि प्रत्येक टप्प्यावर तुम्ही येऊन फोटो काढाल. हे मान्य असेल तर काम त्यालाच द्या. नसेल तर दुसरा बघा. जुलैच्या दुसऱ्या रविवारी ठिकठिकाणी जावा-येझदीवाले आपापल्या गाड्या घेऊन जमतात. तिथे गेलात तर कोणत्या फिटरचा हात चांगला आहे हे एका सकाळीत कळेल. काकांना सोबत न्या. तिथे जपलेल्या गाड्यांभोवती जमणारी गर्दी त्यांनी पाहिली की स्टँडचा वाद बराच सोपा होईल.

राहिले ते पुण्याचे पहिले मालक. आरसी बुकात त्यांचा पत्ता असेल, बहुधा पेठेचं नाव आणि घर क्रमांक. पुण्यात पेठांतले जुने घर क्रमांक अजूनही शोधता येतात, वाडा गेला असला तरी गल्ली सापडते. ते स्वतः आज हयात असण्याची शक्यता कमी, पण मुलं-नातवंडं असतील. त्यांचं नाव इंटरनेटवर टाकून शोधाशोध करू नका, ते त्यांना विचारल्याशिवाय योग्य नाही. एक साधं पत्र लिहा. गाडीचा नंबर द्या, आजचा एक फोटो जोडा, तुम्हाला काही मागायचं नाही हे पहिल्याच ओळीत सांगा, आणि एवढंच विचारा की त्यांच्या घरात या गाडीचा एखादा फोटो किंवा आठवण आहे का, आणि १९६७ मध्ये ती घ्यायला सोलापूरकडून कोण आलं होतं हे कुणाला आठवतं का. ते पत्र बाबांच्या हातून लिहून घ्या आणि परतीचा पत्ताही त्यांचाच घाला.